नाद कशाचा लागतो?

पत्र असं आहे:

"ताई, सप्रेम नमस्कार. माझी मुलगी 26 वर्षांची आहे. संगणकशास्त्र शिकली, 4 वर्षं चांगली नोकरी केली, अजून करते आहे. गेले 8 महिने शनिवार-रविवार ती एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मिलिंग शिकायला जाते. आता म्हणते, नोकरी सोडून पूर्णवेळ हेच करायचं. घरी येते तेव्हा कपड्यांना कूलंटचा वास असतो आणि बोटांवर बारीक कापल्याच्या खुणा. याआधी गिटार झालं, फोटोग्राफी झाली, जपानी भाषा झाली. वर्षभर काही टिकलं नाही. मागच्या आठवड्यात तिने माझ्या तळहातावर ॲल्युमिनियमचा एक ठोकळा ठेवला आणि म्हणाली, 'बाबा, 25 मिलिमीटर. सगळ्या बाजूंनी.' मी 'छान आहे' म्हटलं. तिचा चेहरा उतरला. काय चुकलं ते कळलं नाही. तेव्हापासून तो ठोकळा माझ्या खिशात आहे. माणसं या मशीनच्या नादी का लागतात? त्यात एवढं काय असतं? आणि तिला अडवू की जाऊ देऊ? — एक वडील"

सप्रेम नमस्कार.

पत्र पुन्हा पुन्हा वाचलं, आणि दर वेळी खिशातल्या ठोकळ्यापाशी थांबले. मुलीला अडवायचं मनात पक्कं असतं, तर तो ठोकळा तुम्ही कपाटावर ठेवून विसरला असता. म्हणून आधी ठोकळ्याबद्दल बोलते. नोकरीचं नंतर.

मी 31 वर्षं मिलिंगवर, म्हणजे फिरत्या टूलने धातू कापून आकार देण्याच्या कामावर काढली. पहिली काही वर्षं हाताने चाकं फिरवायच्या मशीनवर, नंतरची सगळी सीएनसीवर, म्हणजे कॉम्प्युटरने आकड्यांवर चालणाऱ्या मशीनवर. सहा बाजूंचा ठोकळा मीही केला आहे आणि कितीतरी पोरापोरींकडून करून घेतला आहे. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, मशीन कॉम्प्युटरवर चालतं, बटण दाबलं की ठोकळा तयार. तसा तो होत नाही.

करवतीने कापलेला तुकडा हातात येतो तेव्हा त्याची एकही बाजू भरवशाची नसते. तो व्हाइसमध्ये, म्हणजे मशीनवरच्या शिकंज्यात धरायचा. व्हाइसचा एक जबडा स्थिर असतो, दुसरा सरकतो. वरची बाजू मिल करून घेतली की पहिली सपाट बाजू मिळते. आता ती बाजू स्थिर जबड्याला टेकवायची. पण समोरची बाजू अजून वेडीवाकडी आहे. सरकता जबडा तिच्यावर दाबला की तुकडा हळूच कलतो, आणि आपली चांगली बाजू स्थिर जबड्यापासून केसभर सुटते. म्हणून सरकत्या जबड्याच्या आणि तुकड्याच्या मध्ये एक गोल सळई घालतात. सळई एकाच रेषेत दाबते, तुकड्याला वळवत नाही, आणि चांगली बाजू स्थिर जबड्याला चिकटून बसते. मग दुसरी बाजू कापली की ती पहिलीशी काटकोनात येते. तिसरी बाजू दुसरीच्या भरवशावर, चौथी पहिलीच्या. मग दोन टोकं उरतात. ती गुण्याने उभी करून पाचवी आणि शेवटी पाचवीवर उभी राहून सहावी. प्रत्येक बाजू आधीच्या बाजूवर विश्वास टाकून जन्मते. मधे कुठेतरी खाली चिपचा, म्हणजे कापताना निघालेल्या धातूच्या कपचीचा, एखादा कण राहिला, 0.05 मिलिमीटरचा, म्हणजे डोळ्यांना धड दिसणारही नाही असा, तर ठोकळा तेवढा तिरका झाला. आणि तो तिरकेपणा पुढच्या बाजूंमध्ये मुक्काम करतो.

यात मशीन काय करतं? मशीन सांगितलेल्या जागी जातं. तुकडा कसा धरायचा, कुठली बाजू कुठे टेकवायची, कुठल्या क्षणी जबडा पुसायचा, दर फिरवाफिरवीला कडेला उरलेला धातूचा धारदार काठ, म्हणजे बर, कानशीने काढायची, हे सगळं तुमच्या मुलीने केलं आहे.

आता "छान आहे" का लागलं ते सांगते. छान म्हणजे आवडलं. आवडणं ही तुमची गोष्ट झाली, ठोकळ्याची नव्हे. तिने तुमच्या हातावर एक विधान ठेवलं होतं: हे 25 आहे. त्याला उत्तर दोनच असू शकतात, आहे किंवा नाही. तिला कौतुक नको होतं असं मी म्हणणार नाही, पण त्याहून जास्त तिला हवं होतं की कुणीतरी तो मोजावा.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर मला इथेच सापडतं. माणसं या कामाकडे वेगवेगळ्या दारांतून येतात. एखाद्याच्या जुन्या घड्याळाचा किंवा शिलाई मशीनचा एक भाग तुटतो, तो आता कुणी बनवत नाही, मग तो स्वतः बनवायच्या खटपटीला लागतो. एखादी लाकडावर कोरीव काम करणारी बाई लाकूड कोरायचं राउटर मशीन घेते आणि एक दिवस पितळेकडे वळते. गिटार बनवणारे येतात, दुर्बिणीचे भाग करणारे येतात, थ्री-डी प्रिंटरवर प्लास्टिकचे भाग काढून काढून "हे धातूचं हवं होतं" असं वाटलेले येतात. पुष्कळ जण तर केवळ व्हिडिओ बघून येतात: पांढऱ्या कूलंटच्या, म्हणजे कापताना धातू थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या, धारेखाली ठोकळ्यातून आकार उमलत जातो, आणि नजर हलत नाही. मी या कुठल्याच दाराला कमी लेखत नाही. पण दार कुठलंही असो, आत जे टिकून राहतात ते एकाच गोष्टीने टिकतात, असं मी इतक्या वर्षांत पाहिलं. तुम्ही एक आकडा लिहिता, त्याची वस्तू होते, आणि ती वस्तू तुमचा आकडा खरा होता की खोटा ते सांगते. तिची समजूत घालता येत नाही. तिला दमात घेता येत नाही. ती तुमच्यावर नाराजही नसते.

तुमची मुलगी जिथून येते तिथे ही गोष्ट दुर्मीळ आहे. चार वर्षं तिने जे लिहिलं ते पडद्यावर राहिलं, बहुतेक वेळा दुसऱ्या कुणीतरी बदललं, कधी पुसलंही. ते काम खोटं नव्हतं. पण तिला ते असं तळहातावर ठेवता आलं नाही.

या मशीनचा जन्मच मुळी आकडे आणि हात यांच्या मधल्या फटीतून झाला. ही हकीकत तिला ठाऊक असेल, पण तुम्हाला सांगते, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या हकीकतीत आहे. 1940 च्या दशकात अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात जॉन पार्सन्स हेलिकॉप्टरची पाती बनवत होते. महाविद्यालयाची पदवी त्यांच्याकडे नव्हती. पात्याचा छेद म्हणजे सतत बदलत जाणारी वक्र रेषा. ड्रॉइंगवर तिचे मोजके बिंदू दिलेले असत, आणि दोन बिंदूंमधली वाट कारागिराने नजरेने काढायची. पार्सन्स यांचे सहकारी फ्रँक स्ट्युलेन यांनी पंचकार्डांवर चालणाऱ्या हिशेबाच्या यंत्रांवर त्या रेषेचे 200 बिंदू काढले. मग मिलिंग मशीनपाशी माणसं उभी राहिली: एक जण आकडे मोठ्याने वाचणार, दुसरा ऐकून एक्स अक्षाचं चाक फिरवणार, तिसरा वाय अक्षाचं. एक बिंदू, एक काप. पुढचा बिंदू, पुढचा काप.

मला ते दृश्य फार आवडतं. सीएनसी म्हणजे तेच. वाचणारा माणूस जाऊन तिथे आधी भोकं पाडलेली कागदी पट्टी आली आणि पुढे कॉम्प्युटर, चाक फिरवणाऱ्यांच्या जागी मोटारी आल्या. 1949 मध्ये अमेरिकी हवाई दलाने या कल्पनेला पैसा दिला, एमआयटी या अमेरिकेतल्या तंत्रविद्यापीठाच्या सर्वोमेकॅनिझम्स लॅबोरेटरीत काम झालं आणि 1952 मध्ये पट्टीवरचे आकडे वाचून चालणारं मिलिंग मशीन लोकांना दाखवलं गेलं. पुढे तिथेच डग्लस रॉस यांच्या गटाने अशा मशीनला सूचना देण्यासाठी एपीटी नावाची भाषा तयार केली. 1959 मध्ये ती पत्रकारांपुढे मांडली तेव्हा माहितीच्या कागदांबरोबर त्यांना ॲल्युमिनियमचा एक छोटा ॲशट्रे दिला होता, त्या भाषेत सांगून कापलेला. भाषा कागदावर समजावून पटणार नाही, ती हातात द्यावी लागेल, हे त्या लोकांना कळलं होतं. तुमच्या मुलीने वेगळं काही केलेलं नाही.

ती भाषा आज घरोघरी नाही, पण मशीनला ओळीओळीने सूचना देणारा जी-कोड आहे. जी01 एक्स25.0 एफ300. म्हणजे सरळ रेषेत, कापत कापत, एक्स अक्षावर 25 मिलिमीटरच्या जागी जा, मिनिटाला 300 मिलिमीटर वेगाने. पूर्वी हे सगळं फक्त कारखान्यांच्या आवाक्यात होतं. नंतर लिनक्ससीएनसीसारखी खुली प्रणाली आली, 2009 मध्ये ग्रब्ल नावाचं सॉफ्टवेअर आलं, जे आर्डुइनोच्या चिमुकल्या बोर्डवर चालतं, आणि टेबलावर मावतील अशी मशीन लोक स्वतः जोडू लागले. संगणक शिकलेल्या माणसाला जी-कोड एका आठवड्यात वाचता येतो. आणि नेमकं तिथेच त्याची खरी शाळा सुरू होते, कारण इथे चूक केली तर मागे जाण्याचं बटण नाही. कित्येक कंट्रोलवर 25 नंतरचं टिंब विसरलं तर ते 25 मिलिमीटर न समजता 25 मायक्रॉन समजतं. हजारपटीचा फरक, एका टिंबाचा.

माझी एक चूक सांगते. मी सीएनसीवर येऊन वर्षही झालं नव्हतं. एंडमिल, म्हणजे कापणारं फिरतं टूल, बोथट झाली म्हणून बदलली. नवी जुनीपेक्षा 12 मिलिमीटर लांब बाहेर आलेली होती आणि तिच्या लांबीचा ऑफसेट, म्हणजे टूल किती लांब आहे ते मशीनला सांगणारा आकडा, मी कंट्रोलमध्ये भरला नाही. सायकल स्टार्टचं बटण दाबलं. मशीनच्या लेखी टूल जॉबच्या, म्हणजे कापायच्या तुकड्याच्या, वर होतं. प्रत्यक्षात ते जॉबच्या आत जाणार होतं. जी00, म्हणजे सुसाट वेग. मोठा आवाज झाला, एंडमिलचे तुकडे गार्डवर आदळले, जॉब व्हाइसमधून निसटला आणि व्हाइसच्या जबड्यात खोल चर पडला. माझे पाय लटपटत होते. आमचे वयस्कर सेटर, म्हणजे मशीन लावून देणारे कारागीर, आले. ते ओरडतील म्हणून मी मान खाली घातली. त्यांनी मशीन बंद केलं, माझे हात नीट बघितले, कुठे लागलं नाही ना, आणि मग एवढंच विचारलं: "कुठला आकडा?"

मी ऑफसेटचं पान उघडलं. आकडा सापडला. तो दुरुस्त केला, नवं टूल बसवलं, त्या दिवशी त्यांनी मला सिंगल ब्लॉक लावून एकेक ओळ चालवायला लावली, जॉबच्या वर हवेत. नवं टूल किंवा नवा प्रोग्राम असेल तर आजही मी तसंच करते. पण मला लक्षात राहिला तो त्यांचा प्रश्न. "तुझं लक्ष कुठे होतं", "तुला जमणार नाही", असं काही नाही. कुठला आकडा. चूक माझ्या स्वभावात नव्हती, ती एका ठिकाणी होती, आणि ते ठिकाण शोधता येत होतं. लहानपणापासून ज्यांना चुकीसाठी अख्खंच्या अख्खं नापास केलं गेलेलं असतं, अशा माणसांना या कामात केवढा मोकळा श्वास मिळतो, ते मी पुष्कळदा पाहिलं आहे. तुमच्या मुलीच्या बाबतीत तसं असेल असं मी म्हणत नाही. पण या नादाचं हे एक मूळ आहे, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही.

नाद हा शब्द तुम्ही वापरलात, तो मला अगदी योग्य वाटला, कारण या कामात खरोखरच नाद ऐकायचा असतो. 10 मिलिमीटर व्यासाची कार्बाइड एंडमिल ॲल्युमिनियममध्ये चालवताना कापण्याचा वेग मिनिटाला 200 मीटर धरला, तर स्पिंडल साधारण 6,400 फेरे घेतो. साध्या पोलादात त्याच टूलने निम्म्याच्या आसपास यावं लागतं. फेरे ठरले की प्रत्येक दाताने किती कापायचं ते ठरवायचं, समजा 0.05 मिलिमीटर. हे हिशेब पुस्तकात मिळतात. पण तुकडा किती घट्ट धरला आहे, टूल किती बाहेर आलं आहे, मशीन किती भक्कम आहे, हे पुस्तकाला ठाऊक नसतं. ते कानाला कळतं. नीट कापत असेल तर एकसारखा घोगरा गुंजारव येतो. काहीतरी थरथरत असेल तर तो फाटतो, किंचाळतो, आणि पृष्ठभागावर लाटांसारख्या खुणा उमटतात. त्याला चॅटर म्हणतात.

नवशिकी माणसं भितात आणि सगळं हळू करतात. पुढे सरकण्याचा वेग, म्हणजे फीड, इतका कमी ठेवतात की दात कापायच्याऐवजी नुसते घासतात. घासलं की उष्णता, उष्णतेने ॲल्युमिनियम दाताला चिकटतं, आणि टूल त्या घाबरटपणानेच मरतं. योग्य कापलं तर बरीचशी उष्णता चिपबरोबर निघून जाते. धातूला ठाम हात लागतो आणि तो ठामपणा हिशेबातून आलेला असावा लागतो, हे एकदा कानाने ऐकलं की माणूस बदलतो. एक पोरगी माझ्याकडे होती, तोंडातून शब्द फुटायचा नाही. तीन महिन्यांनी ती दुसऱ्या मशीनवरून चालत येऊन मला म्हणाली, "तुमचा फीड कमी आहे, ऐका ना." आणि तो खरंच कमी होता.

आता तुमची भीती. गिटार, फोटोग्राफी, जपानी, आणि आता हे. धरसोड आहे का? असू शकेल. आठ महिने हा काळ काही ठरवायला पुरेसा नाही. पण ती किती महिने टिकली यापेक्षा मी दुसरीच गोष्ट बघते: बिघडलेल्या जॉबचं ती काय करते. ज्यांना केवळ हौस असते त्यांना बिघडलेला तुकडा डोळ्यांसमोर नको असतो. तो भंगारात जातो, त्याबद्दल बोलणं नाही, आणि दोन-तीन वेळा बिघडलं की मशीनलाच दोष देऊन माणूस हळूहळू येईनासा होतो. ज्यांना नाद लागलेला असतो ती माणसं बिघडलेला तुकडा घरी आणतात. टेबलाच्या खणात ठेवतात. रात्री काढून बघतात, कुठली बाजू आधी चुकली असेल. तिच्या खोलीत असे तुकडे आहेत का, हे मला इथे बसून दिसत नाही. तुम्हाला दिसू शकेल.

कापलेल्या बोटांबद्दल थोडं, कारण ते तुम्ही काळजीने लिहिलं आहे. सुरुवातीला बर आणि चिप्समुळे बारीक चिरा पडतात. पण आठ महिन्यांनंतर त्या कमी व्हायला हव्यात. चिप्स हाताने काढायच्या नाहीत, ब्रशने काढायच्या, आणि स्पिंडल पूर्ण थांबल्यावरच. चिरा पडतात म्हणून ती हातमोजे घालत असेल तर तिला ताबडतोब सांगा: फिरत्या टूलजवळ हातमोजा कधीच नाही. तो टूलमध्ये अडकला तर हाताला आत ओढतो. चिरलेली बोटं परवडली. केस बांधलेले, बाह्या आखूड किंवा घट्ट, डोळ्यांवर चष्मा, अंगठ्या आणि घड्याळ काढून ठेवलेलं. यात मी कुणालाही सवलत देत नाही, कितीही हुशार असो. तुम्ही हे विचारलंत तर ती चिडणार नाही. या कामातलं काहीतरी तुम्ही विचारलंत, एवढंच तिच्या लक्षात राहील.

नोकरी. मी तिला आज सोडू देणार नाही, आणि अडवणारही नाही. शनिवार-रविवारचं वर्कशॉप आणि सोमवारचं वर्कशॉप ही दोन निराळी गावं आहेत. सुट्टीच्या दिवशी आपण आपल्या मनाचा ठोकळा करतो. कामाच्या दिवशी एकच भाग 400 वेळा निघतो, दर दहाव्याला माप घ्यायचं, ऑफसेटमध्ये 0.01 इकडे की तिकडे ते ठरवायचं, बर काढायची, कूलंटची टाकी साफ करायची, आणि तिचा वास नाकात घेऊन घरी जायचं. व्हिडिओत यातलं काही नसतं. तिने रजा टाकून सलग तीन आठवडे हे बघावं. शिकाऊ म्हणून, सकाळी सगळ्यांबरोबर येऊन, संध्याकाळी सगळ्यांबरोबर मशीन पुसून. 400 भागांच्या तिसऱ्या दिवशी ती कंटाळून गेली, तर हौस हौसेच्या जागी राहू दे. घरात टेबलावरचं छोटं मशीन आणि खरी नोकरी, असं सुखाने जगणारे कितीतरी आहेत. पण त्याच 400 भागांत ती जर विचारू लागली की हा भाग दोन वेळा धरावा लागतो तो एकदाच धरून करता येईल का, फिक्स्चर, म्हणजे तुकडा धरायची चौकट, बदललं तर, तर मग तिची वाट तिला दिसलेली आहे.

तिला पूर्णवेळ यायचंच असेल तर कुठे उभं राहायचं तेही तिने आधीच नीट समजून घ्यावं. बटण दाबून जॉब लावणारा-काढणारा ऑपरेटर, मशीन आणि टूल लावून पहिला जॉब पास करून देणारा सेटर, आणि ड्रॉइंगवरून प्रोग्राम करणारा प्रोग्रामर, ही तीन वेगळी कामं आहेत. लहान वर्कशॉपमध्ये एकच माणूस तिन्ही करतो. मोठ्या ठिकाणी पहिल्या कामात अडकलेला माणूस वर्षानुवर्षं तिथेच राहू शकतो, आणि त्याला नादाचं वगैरे काही सांगायला गेलं तर तो ऐकून घेणार नाही; त्याचं बरोबर आहे. तुमच्या मुलीला संगणक येतो, म्हणून तिला थेट कॅमच्या, म्हणजे पडद्यावर टूलचे मार्ग आखण्याच्या, खुर्चीवर बसवायला लोक तयार होतील. माझं मत विचाराल तर तिने ती खुर्ची पहिली दोन वर्षं घेऊ नये. आधी सेटिंग. आधी हाताच्या लेथवर काही महिने, जिथे चाकातून धातूचा विरोध तळहाताला कळतो. ज्याने तो विरोध अनुभवलेला नसतो तो पडद्यावर असे मार्ग आखतो की ज्यांत टूल टिकत नाही, आणि मग मशीनवरच्या माणसाला दोष देतो. तिचा संगणक कुठे जात नाही. मॅक्रो (प्रोग्राममधले छोटे प्रोग्राम), पोस्ट-प्रोसेसर (आखलेल्या मार्गांचा जी-कोड करणारं सॉफ्टवेअर), पाच अक्षांची मशीन, या सगळ्यात तो पुढे असा काही उपयोगी पडेल की तिची चार वर्षं वाया गेली असं तुम्हाला वाटायचं कारण नाही.

मशीन मात्र आत्ता विकत घेऊ नका, तिने कितीही गळ घातली तरी. आत्ता पैसे खर्च करायचेच असतील तर एक चांगलं मायक्रोमीटर घ्या. 0 ते 25 चं. मापाची सवय आधी हाताला लागू दे.

आणि ते घरात आलं की पहिलं माप त्या ठोकळ्याचं घ्या, दोघांनी बसून. पण लगेच नको. मापाचं ठरलेलं तापमान 20 अंश आहे, आणि तुमच्या खिशातला ठोकळा अंगाच्या उबेने त्याहून बराच गरम असणार. ॲल्युमिनियम एका अंशाला मीटरमागे सुमारे 23 मायक्रॉन वाढतं. 25 मिलिमीटरच्या ठोकळ्याला अंशामागे अर्ध्या मायक्रॉनहून थोडं जास्त, म्हणजे खिशात राहून तो सात-आठ मायक्रॉन फुगलेला असेल. म्हणून आदल्या रात्री तो खिशातून काढून टेबलावर ठेवा, मायक्रोमीटर त्याच्या शेजारी. सकाळी तिला हाक मारा. सहा बाजूंच्या तीन जोड्या आहेत, तिन्ही मोजा, एकेका जोडीला तीन-तीन ठिकाणी, आणि आकडे कागदावर लिहा. एखादा 24.98 निघेल, एखादा 25.01. जो सगळ्यांत दूर गेला असेल त्यावर बोट ठेवा आणि तिला विचारा, ही बाजू कापताना जॉब कसा धरला होतास.